चिपट्यून करायचीय? आधी चिप ठरवा, सॉफ्टवेअर मग

"चिपट्यूनसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न अर्धाच आहे. चिपट्यून म्हणजे जुन्या यंत्रांच्या आवाजाच्या चिपवर बेतलेलं संगीत. उरलेला अर्धा असा: कानात नेमका कुठल्या यंत्राचा आवाज बसलाय? जुन्या कॉम्प्युटरांत आणि गेमच्या यंत्रांत आवाजाची वेगळी चिप असे. प्रत्येक चिपचे सूर मोजके, खोडी स्वतःच्या. सॉफ्टवेअर त्या चिपची नक्कल करतं. चिप ठरली की दहा नावांची यादी आपोआप दोन-तीनवर येते.

कान ओळखा

नव्वदच्या दशकात ठाण्यात किंवा वाशीत ज्यांनी टीव्हीला 'व्हिडिओ गेम' जोडून पिवळी कॅसेट खुपसली, त्यांच्या कानात बहुतेक करून एनईएसचाच आवाज आहे. ती यंत्रं १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉमचीच बाहेरच्या देशांतली आवृत्ती म्हणजे एनईएस. तिच्या चिपचं नाव रिको २ए०३. तिच्यात पाच चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच आवाज: दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (खरखर) आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. गंमत म्हणजे बऱ्याच नकली चिपमध्ये पल्सच्या २५ आणि ५० टक्के ड्युटीच्या (लहर दर फेरीत किती वेळ वर राहते त्या टक्केवारीच्या) जागांची अदलाबदल झालेली असे. म्हणून त्याच गेमचं मूळ संगीत आज ऐकलं की 'हे जरा वेगळं वाजतंय' असं वाटतं. कान खोटं बोलत नसतो.

बाकीच्या चिप थोडक्यात. गेमबॉयमध्ये चार चॅनल: दोन पल्स, एक नॉइज आणि एक 'वेव्ह', ज्यात ३२ ठिपक्यांची लहर आपण स्वतः आखायची. कमोडोर ६४ या कॉम्प्युटरमधली सिड ही १९८२ ची चिप. चॅनल तीनच, पण अंगचा फिल्टर असल्यामुळे आवाज गुबगुबीत, वळणारा. एवाय-३-८९१० मध्ये तीन चौकोनी लहरींचे चॅनल, ती किंवा तिची भावंडं स्पेक्ट्रम १२८ आणि एमएसएक्स या कॉम्प्युटरांत होती. भारतात डेसिबेल्सने विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम' मात्र साधा स्पेक्ट्रम प्लस. त्यात आवाजाची चिप नाही, फक्त चालू-बंद होणारा स्पीकर. सेगा मेगाड्राइव्हमध्ये यामाहाची सहा चॅनलची एफएम चिप (रेडिओ नव्हे, एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवणारी), धातूसारखा घणघणाट करणारी. अमिगा कॉम्प्युटरचं तर गणितच वेगळं: चार चॅनल आणि त्यांवर ८ बिटचे ध्वनिमुद्रित तुकडे.

नवख्याने एनईएस घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. चॅनल आवाक्यात राहतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि अडलं तर मदत सगळ्यात जास्त याच चिपबद्दल सापडते.

आता सॉफ्टवेअर

बीपबॉक्स ब्राउझरमध्ये चालतं, काही उतरवावं लागत नाही. फोनवरही उघडतं. पडद्यावर चौकटी दिसतात, बोट टेकवलं की सूर लागतो. त्याची 'ईझी' नावाची हसरी स्केल म्हणजे सा रे ग प ध, सरळ भूपाचे पाच सूर, त्यामुळे बेसूर होणं कठीण. पण हे कुठल्याच खऱ्या चिपची नक्कल करत नाही, फक्त तशा छापाचा आवाज काढतं. एका संध्याकाळपुरतं उत्तम. एक धोका लक्षात ठेवा: आख्खं गाणं त्या पानाच्या पत्त्यातच साठवलेलं असतं. पत्ता हरवला की गाणं गेलं. म्हणून उठण्याआधी पत्ता कॉपी करून स्वतःला पाठवा आणि एक्सपोर्टमधून जेसन फाइलही काढून ठेवा.

फॅमीस्टुडिओ हे खास एनईएससाठी आहे. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. डावीकडे उभी पट्टी पियानोची, उजवीकडे वेळ, मध्ये सुरांच्या आडव्या काड्या. पेटी किंवा कीबोर्डवर हात फिरलेल्यांना हे लगेच कळतं. बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, सरळ निवडता येतो, आकडेमोड नाही. ठाणे ते वाशी लोकलच्या अर्ध्या तासात फोनवर आठ मात्रांची एखादी ओळ बसवता येते, अर्थात बसायला जागा मिळाली तर.

फर्नेस हा ट्रॅकर. तोही फुकट आणि खुल्या स्रोताचा, विंडोज, मॅक, लिनक्सवर चालणारा. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चिप त्यात आहेत आणि एकाच गाण्यात दोन चिप जोडताही येतात. ट्रॅकर म्हणजे वरून खाली वाहणारा तक्ता: प्रत्येक उभा स्तंभ एक चॅनल, प्रत्येक आडवी ओळ वेळेचा एक तुकडा. पहिल्या दिवशी हिशेबाच्या वहीसारखं रुक्ष दिसतं. तबला शिकलेल्यांना आणि कोड लिहिणाऱ्यांना मात्र पियानोपेक्षा हेच पटकन उमगतं, कारण ते मात्रा मोजूनच विचार करतात.

फॅमीट्रॅकर हे एनईएससाठीचं ट्रॅकर, जुनं आणि नावाजलेलं. फक्त विंडोजचं. मूळ आवृत्तीचं काम थांबलेलं असलं तरी तिच्यातून निघालेल्या दुसऱ्या आवृत्त्या चालू आहेत. शिकवणीचे ढीगभर धडे याच्यावर आहेत आणि ते फर्नेसमध्येही बरेचसे लागू पडतात. आज ट्रॅकर शून्यापासून शिकणाऱ्याने मात्र फर्नेसच घ्यावा.

बाकीची नावं कानावर येतील. एलएसडीजे गेमबॉयसाठीचं, खऱ्या यंत्रावर वाजवायचं तर गेमबॉय आणि वेगळी कार्ट्रिज लागते, ते पुढच्या वर्षी. गोटट्रॅकर सिडसाठी, पडदा पाहूनच माणूस पळतो. ओपनएमपीटी विंडोजवर फुकट आहे आणि अमिगाच्या धर्तीचं आहे: स्वतः ध्वनिमुद्रित केलेला टाळ किंवा ढोलकीचा ठोका घालायचा असेल तर हेच घ्या. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जीबी स्टुडिओमध्ये गेम करणाऱ्यांना वेगळं काही शोधायची गरज नाही, त्यात गेमबॉयच्या संगीताचा संपादक आतच आहे.

थोडक्यात निवड अशी: फक्त फोन असेल तर फॅमीस्टुडिओ (आयफोनवर बीपबॉक्स), लॅपटॉप असेल आणि हात पेटीवरचा असेल तरी फॅमीस्टुडिओ, लॅपटॉप असेल आणि डोकं लयीत चालत असेल तर फर्नेस. एक घ्या आणि महिनाभर दुसऱ्याकडे पाहू नका.

बसवताना काय बिनसतं

महागडा लॅपटॉप लागत नाही. सेकंडहँड चालतो.

झिप फाइल उतरवली की ती आधी पूर्ण उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. झिपच्या आतूनच दोनदा क्लिक करून चालवलं, तर एकतर फाइल सापडत नाही म्हणून तक्रार येते किंवा प्रोग्रॅम चालतो आणि सेटिंग साठत नाही. विंडोज निळी चौकट दाखवून अडवेल, कारण असे छोटे प्रोग्रॅम बरेचदा सहीचं प्रमाणपत्र विकत घेत नाहीत. 'मोअर इन्फो' दाबलं की 'रन एनीवे' दिसतं. पण हे बटण दाबण्याआधी फाइल कर्त्याच्या स्वतःच्या पानावरूनच आणलीय ना, ते पाहा.

आवाज कुरकुरत असेल, तुटत असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (वाजण्याआधी आवाज साठवायची जागा) वाढवा. १०२४ केला तर ४४,१०० हर्ट्झला उशीर जेमतेम २३ मिलिसेकंद होतो, चालण्यासारखा.

हेडफोन मात्र तारेचाच हवा. ब्लूटूथमध्ये साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर असतो. मध्यम लयीत ट्रॅकरची एक ओळच सुमारे १३३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे कळ दाबल्यावर सूर एक ओळ उलटून गेल्यावर ऐकू येतो. मग माणूस आपलाच ताल कच्चा समजतो. आणि आवाज आधी कमी ठेवून सुरू करा. पल्सची लहर कानात टोचते, रात्री सोसायटीत स्पीकरवर तर शेजाऱ्यांच्याही.

लयीचा हिशेब

ट्रॅकरमध्ये नवखा सगळ्यात जास्त इथे अडखळतो. एनईएसचं इंजिन सेकंदाला ६० वेळा 'टिक' करतं. 'स्पीड' म्हणजे एका ओळीला किती टिक. म्हणजे आकडा वाढला की गाणं संथ होतं, उलटं वाटतं पण तसंच आहे. चार ओळींची एक मात्रा धरली तर स्पीड ६ ला मिनिटाला १५० मात्रा, ७ ला सुमारे १२९, ८ ला ११२.५, ९ ला १००, १० ला ९० आणि १२ ला ७५. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत ५० टिक असतात, तिथे स्पीड ६ ला १२५ मिळतात.

स्पीडच्या जवळच टेम्पोचा १५० हा आकडा दिसेल. तो बदलू नका. बदलला तर काही ओळी एका टिकने लांब, काही आखूड होतात आणि ठेका लंगडतो. लय स्पीडनेच ठरवा.

पॅटर्न म्हणजे गाण्याचा एक तुकडा, तक्त्याचं एक पान. त्याची ओळसंख्या बहुधा ६४ असते. चार ओळींची मात्रा म्हणजे १६ मात्रा, बरोबर तीनतालाचं एक आवर्तन. दादरा हवा तर सहा मात्रांच्या २४ ओळी होतात, दोन आवर्तनांच्या ४८, म्हणून पॅटर्नची लांबी ४८ करा. झपतालाला ४०. लांबी ६४ ठेवून दादरा कोंबायला गेलात तर समेची जागा प्रत्येक पॅटर्नमध्ये सरकते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःलाच काही सापडत नाही. मात्रा ठळक दिसण्यासाठी ओळींच्या रंगाची सेटिंगही तालाप्रमाणे बदलून घ्या.

फॅमीट्रॅकरमध्ये ओळींचे आकडे हेक्समध्ये असतात: ९ नंतर ए, एफ नंतर १०. म्हणजे '१०' लिहिलेली ओळ आपल्या आकड्यांत १६ क्रमांकाची. आवाजाची पातळीसुद्धा ० ते एफ अशीच.

पहिलं सुरावर्तन, फर्नेसमध्ये

१. नवं गाणं उघडा, गेम कन्सोलच्या गटातून एनईएस निवडा. लगेच फाइलला नाव देऊन साठवा. पुढे दर पंधरा मिनिटांनी 'भूप०१', 'भूप०२' असं नाव वाढवत साठवा. पावसाळ्यात महावितरणची वीज सांगून जात नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरीही.

२. इन्स्ट्रुमेंटच्या खिडकीत अधिकच्या खुणेवर क्लिक करून एक नवं घ्या. त्याच्या व्हॉल्यूम मॅक्रोमध्ये (मॅक्रो म्हणजे दर टिकला आपोआप बदलणाऱ्या आकड्यांची रांग) उतरत्या पायऱ्या आखा: १५, १२, १०, ८, ६, ५, ४, ३, २, १, ०. हे न करता वाजवलं तर पल्स भोंग्यासारखा सलग ओरडतो. छेडलेल्या तारेसारखा आवाज या उतारामुळेच मिळतो.

३. ड्युटी ठरवा. १२.५ टक्के पातळ, नाकातला. २५ खणखणीत, मुख्य सुरावटीला चांगला. ५० पोकळ, बासरीकडे झुकणारा. ७५ कानाला २५ सारखाच लागतो, त्यात वेळ घालवू नका.

४. स्पेसबारने संपादन चालू करा. ते बंद असेल तर सूर वाजतात, पण तक्त्यात उमटत नाहीत. पहिल्या दिवसाची ही हमखास तक्रार. 'एडिट स्टेप' ४ करा, म्हणजे प्रत्येक सुरानंतर कर्सर एक मात्रा पुढे जाईल.

५. कीबोर्डची खालची रांग म्हणजे एक सप्तक: झेड हा सा, एक्स रे, सी ग, व्ही मध्यम, बी पंचम, एन धैवत, एम निषाद. कोमल स्वर त्यांच्या वरच्या रांगेत, उदाहरणार्थ डी म्हणजे कोमल गंधार. पुढचं सप्तक क्यूपासून. भूप हवा तर झेड, एक्स, सी, बी, एन एवढ्या पाचच कळा. सीच्या जागी डी घेतलीत की शिवरंजनीचे सूर. पहिल्या पल्सवर १६ मात्रांची सुरावट भरा, काही मात्रा रिकाम्या सोडा. सगळ्या भरल्या तर श्वास राहत नाही.

६. ट्रँगलवर खर्ज. फक्त सा आणि प, दर चार मात्रांनी. या चॅनलला आवाज कमी-जास्त करताच येत नाही, चालू किंवा बंद एवढंच. व्हॉल्यूम ४ लिहा की एफ, फरक पडत नाही. त्यामुळे खर्ज जड वाटला तर सूर आखूड करा, मध्येच तोडा. फॅमीट्रॅकरमध्ये हा चॅनल लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, हेही विसरू नका.

७. दुसऱ्या पल्सवर एक फुकटची जादू: पहिल्या पल्सची सगळी सुरावट कॉपी करून तीन ओळी खाली चिकटवा, व्हॉल्यूम ६ द्या. देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा येतो. एक चॅनल यात खर्च होतो हे खरं, पण नवख्याला एवढी मोठी कमाई दुसरीकडे कुठे नाही.

केरवा बसवणं

इथे थोडं रमू या, कारण परदेशी धड्यांत हे सापडत नाही. केरवा जलद असतो, म्हणून दोन ओळींची एक मात्रा धरा. आठ मात्रा, सोळा ओळी, ० ते १५. धा गे न ति, न क धि न. धा ओळ ० वर, गे २ वर, मग ४, ६, ८, १० आणि धि १२ वर, शेवटचा न १४ वर.

डग्ग्याचा घुमणारा ठोका धा, गे आणि धि यांत आहे. म्हणजे ओळ ०, २ आणि १२ वर ट्रँगलचा ठोका द्यायचा. त्यासाठी वेगळं इन्स्ट्रुमेंट करून त्याच्या आर्पेजिओ मॅक्रोमध्ये (हा सुराची उंची बदलतो) १२, ७, ३, ० अशी उतरण आखा आणि चार-पाच टिकनंतर सूर तोडा. वरून धपकन खाली येणारा हा सूर कानाला ठोका वाटतो. खर्जही याच चॅनलवर आहे, म्हणून ठोक्यानंतरच्या ओळीवर खर्जाचा सूर परत लावा. दोन्ही एकाच जागी हवे असतील तर ठोका जिंकतो, खर्ज एक ओळ थांबतो. कान ते माफ करतो.

चाटीचे बोल नॉइजवर: ०, ४, ६, ८, १२, १४. व्हॉल्यूमचा उतार छोटा ठेवा: १०, ५, २, ०. क हा बंद बोल, ओळ १० वर. त्याला नुसतं ४, ० पुरे. सगळे ठोके एकाच जोराचे ठेवलेत तर इस्त्रीच्या कपड्यांची घडी होते, केरवा होत नाही. ६ आणि ८ वरचे हलके ठेवा, ० वरचा जोरात. नॉइजला सूर १६ च असतात, वरच्या सप्तकात तेच पुन्हा येतात. उंच नॉइज चाटीला, मधला ताशाला. ताशाची तडतड हवी असेल तर दर ओळीला ठोका आणि दर चौथ्याला जोर. गणपतीच्या दिवसांत हा प्रयोग करणारे दर गल्लीत निघतील.

चुका, ज्या सगळे करतात

इफेक्ट म्हणजे सुराशेजारच्या स्तंभात लिहायचा हुकूम: आधी त्याचा क्रमांक, मग त्याचा आकडा. तो आपोआप थांबत नाही. ०४ ने आंदोलन लावलं तर ०४ ला ०० देईपर्यंत ते सगळ्या पुढच्या सुरांना चिकटून राहतं. ०० ला ४७ दिलं की सा-ग-प असा भराभर फिरणारा मेळ लागतो, ३७ दिलं की कोमल गंधाराचा. तोही ०००० दिल्यावरच सुटतो. ०३ ही मींड: आकडा लहान तर सूर हळूहळू सरकतो, मोठा तर झटकन. व्हॉल्यूमचंही तसंच. एका ओळीवर ३ लिहिलात आणि विसरलात तर पुढचं सगळं कुजबुजत राहतं.

दुसरी मोठी चूक क्रमाच्या पट्टीत होते, म्हणजे कुठला पॅटर्न कधी वाजायचा ते लिहितो तिथे. एकच पॅटर्न क्रमांक दोनदा लिहिला की ती नक्कल नसते, तोच पॅटर्न दोनदा वाजतो. तिथला सूर बदलला की पहिल्या जागीही बदलतो. वेगळं हवं तर आधी पॅटर्नची प्रत करून नवा क्रमांक द्या.

आणि मेळ. पल्सवर एका वेळी एकच सूर. पेटीसारखे तीन सूर एकत्र दाबून काही होत नाही, म्हणून तर ४७ ची युक्ती जन्मली. गेमसाठी करत असाल तर दुसरा पल्स मोकळा ठेवा. उडी मारण्याचा किंवा नाणं मिळाल्याचा आवाज बरेचदा तोच हिसकावून घेतो आणि गाण्यातला तेवढा तुकडा गळतो.

बाहेर काढताना

आधी फोनच्या स्पीकरवर ऐका. सगळ्यात खालच्या सप्तकातला ट्रँगल हेडफोनमध्ये छान लागतो आणि फोनवर पूर्ण गायब होतो, कारण एवढा छोटा स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपासचं काही हलवूच शकत नाही आणि ट्रँगलच्या लहरीत वरचे घटक फार थोडे. खर्ज एक सप्तक वर घेतला की तो परत सापडतो.

गाणं संपतं कुठे ते ठरवा. शेवटच्या ओळीवर ०बी इफेक्टने सुरुवातीला उडी दिली की ते फिरत राहतं. फाइल काढताना दोन फेऱ्या आणि शेवटी आवाज मावळणं निवडा, नाहीतर कापल्यासारखा शेवट होतो. वेव्ह फाइल ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी होतात, एनईएस मुळात मोनो असल्यामुळे मोनो काढली तर निम्मी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आधीच खरखरीत असलेला नॉइज दाबला जाऊन वाळूसारखा होतो. चालीची फाइल, म्हणजे फर्नेसची फर किंवा फॅमीस्टुडिओची एफएमएस, वेगळी जपा. वेव्हवरून सूर परत मिळत नाहीत.

सिनेमातल्या गाण्याची चिपट्यून सरावाला जरूर करा. ती लोकांसमोर टाकली की हक्काचा दावा येऊ शकतो, स्वतःच्या चालीवर ती भीती सहसा नसते.